ऐरण न्यायला आलेला स्कूटरवाला

जुनी ऐरण विकत घ्यायला माणूस स्कूटरवर येतो, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

"मागे बांधून नेणार का?" मी विचारलं.

"आज नुसती बघायला आलोय," तो म्हणाला. ऐरण होती कोपऱ्यात आणि हा बघत होता माझ्याकडे...

बाबांचा खांदा निकामी झाल्यापासून आमची भट्टी थंड होती. निदान बाबांना तसं वाटत असावं. आता चालवणारं कोणी नाही, म्हणून त्यांनी ऐरण विकायला काढली. आणि ते दुपारी झोपले की मी भट्टी पेटवून तिच्यावर सुऱ्या घडवते, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. ते हसले असते तर?

हाही सुऱ्याच घडवणारा, नवी भट्टी घालायला निघालेला. ऐरण कसदार आहे का बघायला त्याने खिशातून पोलादी गोळी काढून तिच्यावर सोडली, तशी ती टणकन उसळून त्याच्या हातात आली. स्वारी खूश. मग तो वाकून ऐरणीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"बाबा उजव्या हाताचे ना?" त्याने मला हळूच विचारलं. "मग या बाजूला हे ताजे ठोके..."

मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला होता – डाव्या हाताने. त्याने तो हात बघितला, त्यावरचा भाजल्याचा डाग बघितला आणि पाणी पिऊन ग्लास परत दिला. बाबांना चकार शब्द बोलला नाही. तिथेच तो मला आवडला, सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. सौदा ठरलेलाच होता. ऐरणीला दोर बांधून झाला आणि तो थांबला.

"उचलू?" त्याने विचारलं. बाबांना नाही, मला.

"नको," मी म्हणाले. "बाबा, ती मला हवीय. मी काम करते तिच्यावर."

बाबा हसलेच. "रोज संध्याकाळी राख गरम लागते हाताला. मला काय वाटणार, मांजर भट्टी पेटवतं? म्हटलं, विकायला काढली की तरी तोंड उघडशील." मग त्याला म्हणाले, "तुला मात्र हेलपाटा पडला रे."

"नाही हो काका," तो म्हणाला, पण पाय काही निघेना. मी दारापर्यंत गेले. त्याचे कान लाल झाले होते.

"ऐरण नाही तर नाही... पण ऐरणवाली...?"

"तिला न्यायला टेम्पो लागत नाही," मी म्हणाले. "उद्या स्कूटर घेऊन ये."