उंबऱ्यावरचा कारभारी

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीतला कुत्रा कुणाला चावत नाही. चावला असता तर बरं झालं असतं. आरडाओरड झाली असती, चार माणसं काठ्या घेऊन धावली असती. तसलं काहीच घडलं नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

शिवणवाल्या मावशी त्या मंगळवारी सकाळी प्राण्यांच्या निवाऱ्यात गेल्या त्या अगदी साध्या कामाला. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. एकुलती लेक लग्न होऊन चार तासांच्या बसवर लांब. घरात आवाज काय तो शिलाई मशीनचा. लेकीला नववा महिना लागला होता आणि तिने फोनवरून धोशा लावला होता, "आई, तू एकटी असतेस, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एक कुत्रा आण. पिल्लू नको, ते तुझी कापडं फाडून ठेवेल. चांगला मोठा, शहाणा, कुणीतरी सोडून दिलेला असेल तो आण." मावशींना कुत्र्यांची आवड अशी नव्हतीच. पण बाळंतपणाला टेकलेल्या पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून निघाल्या बिचाऱ्या.

लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना पिंजरे, ओल्या सिमेंटचा आणि फिनेलचा वास. एकेक कुत्रा जाळीवर उड्या मारून घसा फोडत होता. शेवटच्या पिंजऱ्यातला तेवढा गप्प. दांडगा, तपकिरी, तोंडावर पांढरे केस आलेले, पुढचे पाय जुळवून बसलेला. मावशींना तोच आवडला. गप्प राहणाऱ्यांवर आपला लगेच विश्वास बसतो, नाही का?

"आठ वर्षांचा आहे," निवाऱ्याची राखणदारीण म्हणाली. "एका म्हातारीकडे होता. तिला काही आठवायचं नाही, घराबाहेर पडली की हरवायची. हाच तिला सांभाळायचा."

"आणि आता ती?"

"गेली... घरातच."

सह्या झाल्या. त्या निवाऱ्याची एक पद्धत होती. कुत्रा आला तेव्हा त्याच्याबरोबर जी वस्तू आली असेल, तीच त्याच्याबरोबर नव्या घरी द्यायची, म्हणजे त्याला ओळखीचा वास राहतो. कुणाबरोबर चेंडू जाई, कुणाबरोबर चादर. याच्याबरोबर होता एक बायकी लोकरी कोट. राखणदारणीने तो दोन बोटांनी धरून पिशवीत टाकला.

"हा याच्या अंथरुणातच राहू द्या. धुऊ नका. आणि अंगात घालू नका."

"अगं, मी कशाला घालतेय कुणाचा कोट!"

"नाही... सांगायचं असतं म्हणून सांगितलं."

घरी आल्यावर कुत्र्याने आधी सगळं घर हिंडून पाहिलं. पुढचं दार हुंगलं, मागचं हुंगलं, खिडक्यांखाली उभा राहिला, कडीला नाक लावून ती हलते का तेसुद्धा बघितलं. "काय कारभारी, पसंत पडलं का घर?" मावशी म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं. समोरच्या वहिनींना तर आयतं निमित्त मिळालं. "मावशी, या वयात दुसरे कारभारी आणलेत हो! आम्हाला जेवायलासुद्धा बोलावलं नाहीत!" मावशी लाजल्या, हसल्या. पहिले आठ दिवस असे मजेत गेले.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या बाईच्या घरात उसवलेला कोट पडलेला, ती गप्प बसेल होय? एका दुपारी त्यांनी तो अंथरुणातून ओढून काढला, खिडकीपाशी नेऊन चिमटीत धरला. अस्सल लोकर. असलं कापड आता बघायला मिळत नाही. कुत्र्याच्या अंगाखाली कुजवायचं म्हणजे पापच की! आणि मग त्यांनी तेच केलं, जे कुठलीही कपडे शिवणारी बाई करते. कापड पडतं कसं ते हातात धरून कळत नाही, म्हणून आरशासमोर उभं राहून कोट अंगात घातला.

आतून दुखण्याच्या मलमाचा वास आला. बंद खोलीचा वास आला.

कारभारी झोपला होता, तो उठला. जवळ आला. कोटाची कड हुंगली, मग मावशींच्या गुडघ्याला कपाळ टेकवून उभा राहिला. बराच वेळ. मावशींना गहिवरून आलं. "मालकिणीची आठवण झाली होय रे, वेड्या?" असं म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कोट काढला, शिवण उसवली, पाठीचा चांगला तुकडा खडूने बेतला आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या नातवंडासाठी मऊ अस्तराचं इवलंसं अंगडं शिवून काढलं. राहिलेल्या चिंध्या टाकून दिल्या. कारभारी समोर बसून कात्रीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाल्या, तर हा उंबऱ्यावर आडवा.

"सरक बाबा." सरकला नाही. मावशींनी पाय उचलून ओलांडायला घेतलं, तसा तो उभा राहिला. त्याने त्यांचं मनगट तोंडात धरलं. दात लागले नाहीत, नुसता ओला, गरम जबडा. तसंच धरून त्यांना सावकाश मागे नेलं, मशीनपुढच्या खुर्चीपाशी आणलं आणि त्या बसेपर्यंत सोडलं नाही.

पहिल्या दिवशी मावशी हसल्या. दुसऱ्या दिवशी रागावल्या, झाडूही उगारला. तिसऱ्या दिवशी पुढचं दार मुद्दाम आपटलं आणि मागच्या दाराकडे धावल्या. हा मागच्या दारात पाय जुळवून बसलेला होता. धावत आल्यासारखा धापासुद्धा टाकत नव्हता. तेव्हा मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

वहिनींना मात्र तो शेपूट हलवून वाट देई. "मी पन्नासदा आले-गेले, मला काही करत नाही तो. तुम्हालाच कुठे जायचं नसेल!" त्या थट्टेने म्हणाल्या. मग मावशींचा चेहरा बघून त्यांनी हात धरला आणि दाराकडे ओढलं. कारभारी दोघींच्या मधे आला. सगळं अंग टेकवून उभा राहिला आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. गुरगुर नव्हे. म्हातारं माणूस तोंड दाबून रडतं ना, तसा हुंदका. वहिनींनी हात सोडला. "मावशी... भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली हो तुमची," एवढं बोलून त्या गेल्या. त्यानंतर दूध खिडकीतून द्यायला लागल्या.

मावशींनी निवाऱ्यात फोन लावला.

"कोट अंगात घातलात?" राखणदारणीने पहिलं हेच विचारलं.

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"याला आधी दोन घरांनी नेलं होतं, मावशी."

"मग? परत आणला त्यांनी?"

"नाही. एकटाच आला. दोन्ही वेळा... कोट तोंडात धरून. आम्ही त्या घरी फोन केले."

"काय म्हणाले?"

"कुणी उचललेच नाहीत."

"अगं, मग गाडी पाठव, घेऊन जा याला!"

"बघते... कुणी यायला तयार होतंय का," ती म्हणाली. गाडी आली नाही. पुढे तिनेही फोन उचलणं सोडलं.

पाचव्या दिवशी जावयाचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच लेक बाळंत झाली होती. मुलगी. मागून लेकीचा थकलेला आवाज आला, "आई, कधी येतेस?"

"येते गं पोरी, येते... कुत्रा सोडत नाहीये मला."

लेक आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की आई थट्टा करत नाही. "कुत्र्याचं निमित्त करतेस? माझी पहिली वेळ, आणि तू..." पुढचं तिला बोलवेना. फोन बंद झाला. मावशी त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या, आणि कारभाऱ्याने येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मायेने. त्या मायेचीच त्यांना किळस आली.

चार दिवसांनी लेक बाळाला घेऊन घरी आल्याचं कळलं. आपण नाही तर निदान आपल्या हातचं काही पोचावं, म्हणून त्यांनी ते अंगडं कागदात गुंडाळून खिडकीतून वहिनींना दिलं. वहिनींचा भाऊ लेकीच्याच गावाला निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुडकं पोचवणार होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मावशींनी मान वर केली, तर उंबरा मोकळा.

त्यांनी हाक मारली नाही. खाटेखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. कुत्रा कुठेच नव्हता. "सुटले गं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. दोन लुगडी पिशवीत कोंबली, कुलूप घातलं आणि बस गाठली. चार तास खिडकीतून वारा खात होत्या. दर थांब्यावर त्यांना वाटे, खाली उतरावं, पुन्हा चढावं. आता अडवणारं कोण आहे?

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार अर्धवट उघडं होतं. आत, उंबऱ्याला लागून, पाय जुळवून कारभारी बसला होता.

मावशींच्या हातातली पिशवी जिन्यावर पडली. त्याने शेपूट हलवलं आणि बाजूला होऊन त्यांना आत घेतलं.

"आई!" लेक बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती, केस मोकळे, डोळे सुजलेले. "तुझा फोन का लागत नाही? हा तुझाच ना गं? अकरा वाजता हिला तू पाठवलेलं अंगडं घातलं, आणि लगेच दारावर नखं वाजली. उघडलं, तर हा."

"अकरा वाजता..."

"मी एकटी बाहेर गेले तर जाऊ देतो. हिला घेतलं की मधे येतो. हे माणसं आणायला गेलेत, अजून पत्ता नाही. आई, हिला कावीळ आहे. डॉक्टरांनी दुपारीच बोलावलं होतं, दिव्याखाली ठेवायला. बघ ना, पोर दूध ओढेना, डोळे उघडेना..."

बाळ पिकल्या पानासारखं पिवळं दिसत होतं. अंगात ते तपकिरी अंगडं, चारही बटणं नीट लावलेली. मावशींनीच ती घट्ट टाचली होती. त्यांनी एकेक काढलं, अंगडं उतरवलं, नातीला चादरीत गुंडाळलं. "आता जा."

लेक दाराशी गेली. कारभारी उभा राहिला. त्याची नजर बाळावरच होती. मावशींच्या हातात लोंबणाऱ्या अंगड्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मावशींना कळलं. नुसतं काढून चालणार नव्हतं. हे शेवटी ज्याच्या अंगावर चढलं, तो याचा. बाळाच्या अंगावरचा हक्क उठायचा, तर दुसऱ्या कुणीतरी ते घालायला हवं होतं. एवढ्याशा कपड्यात मोठं माणूस कसं मावणार? त्यांनी एका बाहीत दोन बोटं घातली, पार मुळापर्यंत. बाकीचं मनगटाभोवती गुंडाळलं आणि दातांनी धरून बटण लावलं.

मलमाचा वास आला. बंद खोलीचा वास आला.

कारभाऱ्याने मान वळवली. उंबरा सोडून तो सावकाश मावशींकडे आला आणि गुडघ्याला कपाळ टेकवून उभा राहिला.

"आई, काय करतेस तू...?"

"पळ. आधी खाली उतर."

"आणि तू? तू चल ना!"

"मी येतेच मागून. जा गं, माझे आई, जा लवकर!"

लेक निघाली तेव्हा मावशींनी मोकळ्या हाताने नातीच्या तळव्याला बोट लावलं. तिला मांडीवर घ्यायचं राहूनच गेलं होतं. जिन्यावर लेकीच्या चपला तीन मजले वाजत गेल्या, खाली रिक्षा सुरू झाली, आवाज लांब गेला. मग मावशी हुंदके देऊन रडल्या. पोर वाचणार होती. ती चालायला लागेल, बोलायला लागेल, "आजी कुठे आहे" म्हणून विचारेल, आणि लेक काय सांगणार?

कारभाऱ्याने त्यांचं मनगट अलगद तोंडात धरलं.

कुत्र्याला बसमध्ये घेत नाहीत, म्हणून दोघं चालतच मावशींच्या घराकडे निघाली. गाव मागे पडलं. ऊन उतरलं, रस्त्याकडेची पायवाट अरुंद झाली. आता तो मनगट सोडून पुढे चालत होता. मावशी कुठे जाणार नाहीत हे त्याला माहीत होतं. दर वळणावर तो थांबे, मागे वळून बघे. मावशी त्याच्यापाशी पोचत.

तरी तो निघत नसे. मावशींच्या पलीकडे, रिकाम्या वाटेकडे बघत उभा राही. थोड्या वेळाने त्याचं शेपूट हलायला लागे, आणि मगच तो पुढचं पाऊल टाकी.

तिसऱ्या वळणावर त्याला बराच वेळ थांबावं लागलं. मलमाचा वास जवळ आला, पण मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. त्या कडेला सरकल्या आणि मागून येणाऱ्याला वाट करून दिली.