हात धरल्याशिवाय घास नाही

रविवारी सगळे चर्चहून आले, तळलेलं चिकन नि पावासारखी गरम बिस्किटं टेबलावर मांडली गेली, प्रार्थनेसाठी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले... आणि वेर्नाने आपला हात मांडीवरून उचललाच नाही. शेजारी तिचा धाकटा भाऊ क्लेटन, राज्याचा आमदार, हात पसरून ताटकळत बसला. हात धरल्याशिवाय घास नाही, हा त्या घरातला नियम वेर्नाचाच. आई गेल्यावर हा हावरट पोरगा प्रार्थनेआधीच ताटावर तुटून पडायचा, म्हणून तिने घातलेला.

"ताई, जेवण गार होतंय," क्लेटन म्हणाला.

"होऊ दे. हाच हात वर करून मत दिलंस ना?"

काय सांगावी तिच्या जिवाची तडफड! याला वाढवता वाढवता लग्न राहून गेलं, केस पिकले, त्याची खंत तिने कधी केली नाही. पण लिंगबदलाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरला रुग्ण पुढे कितीतरी वर्षं कोर्टात खेचू शकेल, असा कायदा याने विधानसभेत उभं राहून करवून घेतला, आणि तेच उपचार करणाऱ्या डॉक्टर वेर्नाच्या दवाखान्याचा विमाच कंपनीने खटल्यांच्या धास्तीने बंद केला...

"तुझ्यावर डूख धरून नाही गं केला. एक मुलगी सभागृहात रडत होती. उपचार बिघडले, आणि तिचा डॉक्टर फोनसुद्धा उचलेना. तिला जाब कुणी द्यायचा? तू ते रुग्ण सोड, दवाखाना वाचेल."

"मी फोन उचलीन. चुकले तर खुशाल कोर्टात उभं करू देत मला. पण विमा नाही म्हणून माझ्या माणसांना दारातून परत पाठवणार नाही. भरपाईत हे घर गेलं तरी बेहत्तर."

क्लेटनचे डोळे भरून आले. याच टेबलाशी ती त्याला मांसाचे बारीक तुकडे करून भरवायची.

"कायदा मागे घेणार नाही, ताई. मला तो पटतो."

"ठाऊक आहे. हट्टी मीच करून ठेवलंय तुला."

"पण तुला कोर्टात बोलावलं, तर शेजारच्या खुर्चीवर मी बसेन. मग लोकांनी पुन्हा निवडून नाही दिलं तरी चालेल."

वेर्नाने त्याचा हात असा करकचून धरला, की त्याची अंगठी दोघांनाही रुतली.

"देवा, या अन्नाबद्दल आभार," ती म्हणाली. "उद्या दवाखाना उघडायचाय, बळ दे. आणि याला सुबुद्धी दे."

"आमेन," क्लेटन नाक ओढत म्हणाला. "हिलाही दे."

बिस्किटं पार गार झाली होती. वेर्नाने डाव्या हातानेच लोणी लावलं. उजव्यात अजून त्याचा हात होता.