गोपिकेच्या पेशी फार मारतात

शेवटी चंद्रभान माझाच झाला. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मलाही अजून काही ठाऊक नाही.

१९८१चा मे. नागपुरात धरमपेठेतून सायकलनं कॉलेजात आले, डोकं तापलेलं, म्हणून कूलर दिसला त्या खोलीत शिरले. पांढऱ्या कोटातल्या एका मुलानं वर न बघता माझ्या दंडाला रबरी नळी बांधली.

“उशीर केला तुम्ही. मूठ आवळा.”

बोटं गार होती त्याची... मी आवळली.

वाट तो दुसऱ्याच कुणाची पाहत होता, हे रक्त काढून झाल्यावर कळलं. हा सावनेरचा चंद्रभान. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या पेशींसोबत काचेच्या नळीत सोडायचा आणि किती मारल्या ते मोजायचा. विषाणूचा ताप आल्यावर ही मारामारी वाढते का, एवढाच त्याच्या जिवाला घोर. तुलनेसाठी एक निरोगी रक्त लागे. ते माझं. दर सोमवारी.

“कशा आहेत माझ्या पेशी?” मी पापण्या लववून विचारलं.

“बऱ्या आहेत. बसून राहतात.”

मग उमरेडच्या एस.टी.तून गोपिका रक्त द्यायला उतरली. फ्लू झालेली, नाक लालबुंद.

“शामला, काय मारतात वं तिच्या पेशी!” चंद्रभान व्हरांड्यात धावत आला. “तुझ्या तिप्पट!”

तो तिच्या डोळ्यांवर भाळला असता, तर मी काजळ लावलं असतं. पेशींना काय लावू?

कँटीनमध्ये गोपिकेचा उष्टा चहा उरला होता. मी प्यायले. साखरही तिचीच जास्त.

सोमवारी मी अंथरुणात, तो आमच्या दारात.

“काढ रक्त,” मी खोकत म्हटलं. “आता माझ्याही मारतील.”

“तुले ताप आला कसा?”

“तिचा चहा प्यायले.”

“काहून वं?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“तापलेले लोक नागपुरात ढिगानं भेटतात,” तो हळू म्हणाला. “बरी झाली की तिच्याही पेशी बसूनच राहतील. पण जे येईल ते मी तुझ्याशी ताडून पाहतो... नळीतलंच नाही, सगळंच. तूच तापली तर कशाशी ताडून पाहू?”

“म्हणजे—?”

“म्हणजे मले तूच लागते. सोमवार सोडूनही.”

मी काहीतरी सुंदर बोलणार होते. शिंक आली. थेट त्याच्या तोंडावर. त्यानं पुसली नाही.

“आता माझ्याही मारतील,” तो म्हणाला.

कालच कानावर आलं, गोपिकेला पुन्हा सर्दी झालीय.

तरी जकात अधिकारी, उमरेड नाका, यांना सविनय विनंती की, सदर गोपिका शिंकल्यास ती शिंक नाक्यावरच अडवून ठेवावी, व कोणत्याही सबबीवर शहरात सोडू नये.