सावलीचे चार तुकडे

साहेबांचा फोन आला तेव्हा ताई दात घासत होत्या.

"पेपर उघडा. शेवटचं पान," एवढंच बोलून साहेबांनी फोन ठेवला.

ताईंनी ब्रश तोंडात तसाच धरून पेपर पालथा केला. पानभर एक कप होता. पांढरा, धडधाकट, चकचकीत. मागच्या भिंतीवर त्याची सावली पडली होती, आणि ती मात्र फुटलेली होती. सावलीचे तुकडे झाले होते आणि सावलीचा कान निखळून खाली पडला होता. कोपऱ्यात गोंदाची ट्यूब होती.

ट्यूब दुसऱ्याच कंपनीची होती.

ही जाहिरात ताईंची होती. त्या एका जाहिरात एजन्सीत शब्द लिहायच्या, आणि कप धड पण सावली फुटकी ही कल्पना त्यांनीच त्यांच्या गिऱ्हाइकाच्या गोंदासाठी काढली होती. येत्या रविवारी ती छापून यायची होती. तिच्याखाली ओळ असणार होती, 'तुटलं होतं, हे फक्त सावलीला आठवतं.' त्या ओळीपायी ताईंनी घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. त्या दुसऱ्या कंपनीसाठी समोरच्या एजन्सीनं लिहिलं होतं, 'जोड कुठे आहे? सावलीला विचारा!' चोरीचं दुःख होतंच, पण त्या उद्गारचिन्हानं जखमेवर मीठ चोळलं.

संकटात ताईंना एकच नंबर आठवायचा. तो सरांचा. सर आता निवृत्त होते, पण एके काळी शहरातल्या अर्ध्या भिंती त्यांच्या पोस्टरांनी रंगलेल्या असायच्या. साहेब आणि ताई दोघंही त्यांच्याच हाताखाली घडले. कल्पनेचा पहिला कागद, कितीही वेडावाकडा असो, आधी सरांना दाखवायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. पुढे ताईंनी तोच आपल्या हाताखालच्या मुलीला लावून दिला होता.

"पाहिलं मी," सर फोनवर म्हणाले. आवाज नेहमीसारखा मऊ होता. "फार वाईट झालं गं. घरातलंच कुणीतरी फुटलंय."

"कोण असेल, सर?"

"नवीन कोण आलंय तुमच्याकडे?"

"एक मुलगी आहे. चित्रं तीच करते. छोटी म्हणतो आम्ही तिला."

"मग तिथून सुरुवात कर. नव्या माणसाला घाई असते."

ताईंना धीर आला. निदान कुठून सुरुवात करायची ते तरी कळलं.

*

ऑफिसात साहेब येरझाऱ्या घालत होते.

"गिऱ्हाईक म्हणतं, संध्याकाळपर्यंत नाव द्या, नाहीतर काम काढून घेतो. चित्र बघितलं कोणी? मी, तुम्ही, छोटी, फोटो काढणारे मामा. आणि गिऱ्हाइकाचे मॅनेजर. ते स्वतःच्या पायावर कशाला धोंडा मारून घेतील?"

"मी छोटीशी बोलते," ताई म्हणाल्या.

छोटी ही ऑफिसातली सर्वांत उंच व्यक्ती होती. तिला छोटी का म्हणायचे ते यावरून कळावं. ती टेबलाशी पेपर उघडून बसली होती आणि रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"हे तू कोणाला पाठवलंस?"

"कोणालाच नाही, ताई."

"घरी दाखवलंस?"

"आईला एवढंच सांगितलं, की रविवारी माझं काम छापून येणार. काय ते नाही सांगितलं. तिनं शेजारच्या सगळ्यांना पेपर घ्यायला सांगून ठेवलंय."

"समोरच्या एजन्सीत तुझी मैत्रीण आहे ना?"

"आहे. ती तिथे फोन घ्यायला बसते." छोटीनं मान वर केली. "ताई, तुम्हाला खरंच वाटतं मी केलं?"

"बॅग दाखव," ताई म्हणाल्या.

छोटीनं बॅग टेबलावर उपडी केली. पाण्याची बाटली, कंगवा, रंगीत पेनं, बिस्किटांचा अर्धा पुडा. ताईंनी पुड्याच्या आतसुद्धा पाहिलं. मग तिच्या कॉम्प्युटरवरून काय काय बाहेर गेलंय तेही तपासलं. संशयास्पद काही सापडलं नाही, पण ताई तिला तसं म्हणाल्या नाहीत.

"चोर काही मागे ठेवून जात नाही," साहेब म्हणाले. "संध्याकाळी तिला मोकळं करतो. गिऱ्हाइकाला तिचंच नाव कळवतो."

म्हणजे छोटीची नोकरी तर जाणारच, शिवाय शहरातल्या एकाही एजन्सीचं दार तिला पुन्हा उघडणार नव्हतं. या धंद्यात बातमी पेपराच्या आधी पोचते. ताईंना हे पक्कं ठाऊक होतं, तरी त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

*

दुपारी मामा आले. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या या गृहस्थांना सगळं ऑफिस मामाच म्हणायचं. त्यांनी पेपर डोळ्यांजवळ धरला आणि नाक मुरडलं.

"हा फोटो माझा नाही."

"मामा, आत्ता मान-अपमान नको," साहेब म्हणाले.

"अहो, मान-अपमान कुठला! तुकडे मोजा. यांच्या सावलीचे किती?"

ताईंनी मोजले. "चार. कान धरून."

मामांनी पिशवीतून आपला फोटो काढून शेजारी ठेवला. त्यातल्या सावलीचे पाच तुकडे होते.

"दिव्यासमोर पुठ्ठा कापून लावला होता मी. त्याचीच सावली भिंतीवर पडते. चारच कापले होते, पण लावताना माझा अंगठा बसला आणि एकाचे दोन झाले. मी पुठ्ठा बदलत होतो, तर ही पोरगी म्हणाली, राहू द्या मामा, आता खरंच फुटल्यासारखी दिसते. गिऱ्हाइकानंही पाचच पाहिले आणि पाचच पसंत केले."

"म्हणजे चोरानं फोटो पाहिलेलाच नाही," ताई म्हणाल्या.

"दोघांना एकच कल्पना सुचली नसेल?" मामांनी विचारलं.

"कप सुचेल, मामा. सावलीही सुचेल. पण सावलीचा कान नेमका निखळून खाली पडलेला? योगायोग एवढा कष्टाळू नसतो."

"मग छोटीनं फोटोच्या आधीचं स्वतःचं चित्र दिलं असेल," साहेब हट्टानं म्हणाले. "त्यात चारच होते की!"

ताईंनी ते चित्रही आणून शेजारी मांडलं. खरंच, चार तुकडे. पण त्या बघतच राहिल्या. छोटीच्या चित्रात कपाचा कान उजवीकडे होता. मामांच्या फोटोतही उजवीकडे. पेपरातल्या कपाचा कान डावीकडे होता.

"ओळखू येऊ नये म्हणून उलटं केलं असेल," साहेब म्हणाले.

"उलटं केलं असतं तर सावलीही उलटली असती. आपली सावली डावीकडे पडते, यांचीही डावीकडेच. फिरलाय तो फक्त कान." ताईंनी दाराकडे पाहून हाक मारली. "छोटी, तू कान उजवीकडे का घेतलास?"

छोटी दारातच उभी राहिली. आत यायला ती कचरत होती.

"मी पहिल्यापासून उजवीकडेच काढला. तुम्ही मला नुसतं तोंडी सांगितलं होतंत ना, कप धड, सावलीचे चार तुकडे, तिचा कान खाली पडलेला. सावली डावीकडे, मग कानही तिकडेच घेतला तर दोन्ही एकमेकांत अडकतात. यांचं बघा ना, चित्रच बिघडलंय. स्वतः विचार करून काढणारा असं कशाला करेल?"

ताईंनी पेपर जवळ ओढला. त्या पेपरातल्या कपाकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. सरांना चहाला बोलवा. म्हणावं, चोर सापडलाय, पण तुमच्यासमोरच नाव घ्यायचंय."

*

सर आले तसे सगळे उभे राहिले. साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली. चहा आला. ताई टेबलाच्या पलीकडे, सरांच्या बरोबर समोर बसल्या. छोटी भिंतीला टेकून उभी होती.

"हीच का ती?" सरांनी हळहळून विचारलं. "वय बघा हिचं."

"सर, आधी एक खेळ," ताई म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांपुढे एकेक कागद सरकवला. "प्रत्येकानं एक कप काढा."

साहेबांनी काढलेला कप बादलीसारखा आला. मामांचा बरा होता. सरांनी चार रेघांत असा कप काढला की त्यातून वाफ निघेल असं वाटावं. सगळ्यांचे कान उजवीकडे होते.

"आपण आपला कप काढतो. आपल्या उजव्या हाताला सापडेल असा," ताई म्हणाल्या. "आता मी काढते."

त्यांनी मान खाली घालून चहाचा कप काढला. यथातथाच होता, पण कान स्पष्ट डावीकडे होता.

"मी डावखुरी नाही. मग कान डावीकडे का आला? कारण हा माझा कप नाही. समोर बसलेल्या माणसाचा आहे. त्याच्या उजव्या हाताचा कान मला डावीकडे दिसतो."

सरांचा हात त्यांच्या कपाच्या कानावर होता. तो तिथेच राहिला.

"फोटोत तुकडे पाच. तेव्हा फोटो पाहणारे मामा, साहेब, गिऱ्हाईक सुटले. त्यांच्यापैकी कोणी दिलं असतं तर पाच आले असते. छोटीच्या चित्रात तुकडे चार, पण कान उजवीकडे. तेव्हा छोटीही सुटली. कान डावीकडे आणि तुकडे चार, असं चित्र एकच होतं. ते ऑफिसातल्या कोणी पाहिलेलं नाही. ते मी काढलं होतं, छोटीला सांगायच्या आधी, एका घराच्या गॅलरीत. समोर जो कप होता तो बघून." ताई साहेबांकडे वळल्या. "साहेब, मी अजूनही पहिला कागद सरांना दाखवायला जाते. तुम्हाला कधी बोलले नाही. कंपनीचं काम बाहेर दाखवू नये हे मला कळतं. पण सर माझ्यासाठी बाहेरचे नव्हतेच कधी."

साहेबांनी आपला कप बाजूला सरकवला.

"काय बोलतेस हे?" सर म्हणाले. "एका कानावरून?"

"मी तुकडे खूप काढले होते, सर. तुम्ही म्हणालात, चारच ठेव, डोळ्याला चारच दिसतात. तो कागद मी तुमच्याकडेच विसरून आले. आठवतंय?"

सरांनी कप खाली ठेवला.

"समोरच्या एजन्सीनं मला सल्लागार म्हणून बोलावलं," ते म्हणाले. "खोली दिली. दारावर नावाची पाटी. म्हणाले, आधी काहीतरी दाखवा. मी कितीतरी दिवस कोऱ्या कागदासमोर बसलो गं. काही येईना. तुझा कागद तिथेच पडलेला होता. आणि चार तुकडे तर मीच सांगितले होते. मग अर्धी माझी नाही का ती?"

"मागितली असतीत तर पुरी दिली असती."

"तू मला दाखवायला यायचीस. विचारायला कधी आलीस?"

"आज सकाळी फोन करून विचारलं होतं ना!" ताई एकदम ओरडल्या. इतक्या वर्षांत सरांपुढे त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही काय सांगितलंत? नवीन कोण आहे ते बघ म्हणालात. चोरी मी गिळली असती, सर. पण या पोरीला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतंत, आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलंत. का?"

"कारण तुझं नाव घेववेना," सर हळू म्हणाले.

"माझंच घ्यायचं होतंत."

सर उठले. या वेळी कुणी उभं राहिलं नाही. दार त्यांनी स्वतःच उघडलं आणि जाताना ओढून घेतलं.

साहेब कपाळ धरून बसले होते. "गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"नाव हवं होतं ना त्यांना? दोन द्या. सरांचं आणि माझं."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. ते फोन घेऊन बाहेर गेले, आणि मामाही पिशवी उचलून निघाले.

छोटी अजून भिंतीशीच होती. ताई तिच्याजवळ गेल्या.

"माझं चुकलं गं. केसानं गळा कापला त्यांनी माझा, आणि मी तुझा कापायला निघाले होते. तुझी नोकरी कुठे जात नाही."

"माहीत आहे," छोटी म्हणाली. ती टेबलाशी आली आणि चारही कपांची चित्रं नीट एकावर एक ठेवू लागली. "तुम्ही शोधून काढलंत म्हणून मी वाचले. ते मी विसरणार नाही. पण ताई, तुम्ही बिस्किटांचा पुडासुद्धा उघडून बघितलात."

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

"काम मी करीन. मन लावून करीन." छोटीनं कागद त्यांच्या हातात दिले. "फक्त पहिला कागद आता तुम्हाला दाखवणार नाही."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

छोटी गेल्यावर त्या पुन्हा आपल्या खुर्चीत बसल्या. समोर सरांचा अर्धा भरलेला कप तसाच होता. कान डावीकडे होता. ताईंनी हात लांब करून तो फिरवला, आणि मग चहा पार गार होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.