दोन क्लचची लाल गाडी

त्या दिवशी मी गाडी लिफ्टवर घेतली ती फक्त गिअरबॉक्सचं तेल बदलायला. वाशीममध्ये माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टरपासून शेटजीच्या मोठ्या गाडीपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं. पण ही गाडी गिऱ्हाइकाची नव्हती. माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची होती.

आदर्श त्याचं नाव. बागायतदाराचा एकुलता एक पोरगा. हौसेपायी पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला होता, दोनच माणसांची, लालभडक. पुढं कावीळ झाली आणि दवाखान्यातच वारला. सासरच्यांनी गाडी मंजुषाला दिली, आणि माझ्याशी लग्न झाल्यावर ती गाडीसकट माझ्या घरी आली. भिंतीवर फोटो असता तर मुकाट्यानं हार घातला असता हो, पण गाडीचं काय करायचं? ती अंगणात उभी, आणि मंजुषा घरात गप्प. हसायची ती फक्त त्या गाडीत बसल्यावर. मी जळायला तेवढं पुरेसं होतं.

आई म्हणायची, "लखन, मेलेल्या मानसासंग कायची बरोबरी करतं रे?"

करत होतोच. मला ती गाडी त्याच्यापेक्षा चांगली चालवून दाखवायची होती. शेजारी बसलेल्या मंजुषानं एकदा माझ्याकडं बघून हसावं, बस्स.

पण मी बसलो की गाडी हिसके द्यायची. मंजुषा खिडकीबाहेर बघत म्हणायची, "त्याइच्या हातात अशी नोती करत..."

या गाडीला क्लचचं पायडल नसतं. आत दोन क्लच असतात. एक पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गिअरचा. दुसरा दुसऱ्या, चौथ्या, सहाव्याचा. एक पोळी तव्यावर असतानाच बाई पुढची लाटून ठेवते ना, तसं एक गिअर चालू असतानाच पुढचा लागून तयार असतो. कोणता लागेल ते आतला कॉम्प्युटर चालवणाऱ्याच्या पायावरून ताडतो, आणि हळूहळू त्याच्या सवयी शिकून घेतो.

हिसक्याची कारणं ठरलेली असतात. तेल काळं पडलं असेल म्हणून ते बदललं. फरक नाही. गर्दीत रांगत चालवून क्लच तापतो, तेही पाहिलं. तापत नव्हता. प्लेटा गुळगुळीत झाल्या असतील म्हणून दोन्ही क्लच नवे टाकले, तेलाचे व्हॉल्व्ह अडकतात का तेही बघितलं. हिसके आहेत तिथंच! शेवटी स्कॅनर जोडून एकटाच निघालो. समोर स्पीडब्रेकर आला. माझा पाय अजून ब्रेकवर गेलाही नव्हता, आणि स्क्रीनवर दुसरा गिअर तयार. पुढच्या वळणावरही तेच.

म्हणजे ही आदर्शची सवय, माझ्याआधीच ब्रेक दाबायची. गाडी अजून त्याच्याच पायाची वाट पाहत होती, आणि माझा पाय तिच्या हिशेबात बसत नव्हता. डोक्यात तिडीक गेली. कॉम्प्युटरनं शिकलेलं सगळं मी स्कॅनरवरून पुसून टाकलं. "निंग आता," असं आदर्शला मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

पुसल्यावर गाडीला नव्यानं शिकवावं लागतं, एका लयीत चालवून. दिवस कलता मंजुषाला शेजारी बसवलं आणि जऊळक्याकडं निघालो. तूर फुलात होती. काचा खाली होत्या आणि हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाचा, आंबेचा वास आत येत होता.

गाडी अशी चालली की काय सांगू! एक हिसका नाही. मंजुषा डोळे मिटून टेकली होती. हसत होती. माझी छाती फुगली.

"काहून हसून राह्यली?"

"काई नाई..." मग हळूच, "आता तुमी अगदी त्याइच्यासारकी चालवून राह्यले..."

माझी छाती तिथंच बसली. पायाकडं पाहिलं तर पाय ब्रेकवर होता. रस्ता मोकळा होता, ब्रेक दाबायचं काही कारण नव्हतं. गाडी मंदावली, आणि तेव्हा कुठं वळणापलीकडून म्हशींचा कळप रस्त्यावर आला.

कॉम्प्युटर कोरा होता. तो माझ्याकडून शिकत होता. मग मी... मी कुणाकडून शिकत होतो?

पुढच्या फाट्यावर मी डावीकडं वळलो. तिकडं मी जन्मात गेलो नव्हतो. दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी गाडीला घासत होत्या. ती शेतातली अरुंद पांदण संपली तिथं तलाव होता. मी काठाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. उजेड जात चालला होता. पाण्याला शेवाळाचा वास येत होता, आणि कुठं पाखराचा आवाजही नव्हता.

मंजुषानं डोळे उघडले.

"हे ठिकान... तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई."

"आमी दोघंच येत होतो इथं... लग्नाच्या आधी. घरात कोनाले माईत नाई..."

गिअरबॉक्सला स्टिअरिंग फिरवता येत नाही. एवढी विद्या तर मला आहे. वळवलं ते माझ्याच हातांनी.

मंजुषा माझ्याकडं वळली. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! याचसाठी तर मी एवढा जीव जाळला होता. पण आनंद राहिला बाजूला, पोटात पुन्हा तीच आग पेटली, पहिल्यापेक्षा जास्त. ती ज्याच्या खांद्यावर टेकली होती त्याचा मला हेवा वाटत होता.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. आणि मला काहीतरी आठवलं. जे मी कधी पाहिलं नव्हतं ते.

"तुही ती पिवळी ओढनी..." माझाच आवाज आला. "गाडीच्या दारात अडकून फाटली होती... शिवली का?"

मला वाटलं, ती दचकून बाजूला होईल. ती आणखी जवळ सरकली. डोळे तिनं पुन्हा मिटले होते.

"कशी शिवू?" ती म्हणाली. "फाटलेला तुकडा तर तुमीच ठेवून घेतला होता..."