डोंगराईवरून आलेली दाई

लाईट गेली ते बरंच झालं. बसा असं जवळ. हे ऐकीव नाय, पोरांनो. केरबानं सोता मला सांगितलं. आमची मेंढरं एकाच माळावर चरायची.

अठ्ठ्याहत्तर साल, दिव्याच्या अवसेची रात. सातारा डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती. वर कड्याखाली डोंगराई, शेंदराचा तांदळा, म्हंजी मूर्ती नाय, नुसता शेंदूर फासलेला दगड, उघड्यावर. त्या अवसेला रातच्याला तिच्यापुढं दिवा लावायचा, एकेका घरानं पाळीनं. लावून उतरताना मागं बघायचं नाय. आई पाठीमागून वस्तीवर येती म्हणत्यात.

त्या साली पाळी केरबाची. आठच्या सुमाराला तेलाची बाटली अन् कंदील घेऊन तो निघाला. पण दिवा हे निम्मंच काम होतं. घरात त्याची बायको बानाबाई दोन दिवसांपासून अडली होती. मूल आडवं आलेलं.

"कडूबाईला घेऊन ये," त्याची आई वच्छलाबाई म्हणली.

केरबा खाली बघत म्हणला, "कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तोंड कसलं बघतो? सून मरती माझी!"

विद्यापीठाच्या नावावरून तवा मराठवाडा पेटला होता. शहरात कर्फ्यू, एष्टी बंद, गाडी जुंपायला कुणी तयार नाय. अन् कडूबाई… निम्मी वस्ती त्या दाईच्या हातावर जन्मली, केरबाबी. पण चार दिवसांमागं गावानं बौद्धवाडा जाळला. त्या राती तिनं दाराबाहेरून हाका मारल्या, "केरबा, मला आत घे रे!" केरबानं कडी काढली नाय. वाचलेली माणसं डोंगराईमागच्या घळीत लपलीत, अशी कुणकुण होती. त्याच आशेवर तो चढला.

दिवा लावला. घळीत उतरला. रिकामी. एक चूल, तीबी गार.

"कडूमाय! ओ कडूमाय!"

कड्यावरून त्याचीच हाक माघारी आली. चिकलठाण्याकडं कारखान्यांचे दिवे लुकलुकत होते, पण तिथून कोण येणार? केरबा तांदळ्यापुढं आडवा पडला. कपाळ दगडावर आपटलं.

"आई, दार मी लावलं. तिचा काय गुन्हा? मला ने. तिला नको."

दिव्याची वात फडफडली. पाठीमागून कुणीतरी म्हणलं,

"चल."

आवाज कडूबाईचा. केरबा वळणार होता… पण नेम आठवला. कंदील उचलला. उतरायला लागला.

मागून पावलं वाजत नव्हती. खडे मात्र घरंगळत होते. अन् वास… जळक्या कुडाचा.

"माय, मी त्या राती…"

मागं नुसता खडा घरंगळला.

"माय, चुकलं माझं…"

आणखी एक खडा.

दारात आल्यावर एवढंच, "कंदील इझव."

त्यानं इझवला. अंगाला चाटून गार वारा आत गेला. केरबा उंबऱ्यावर बसला. आत बानाबाईचं कण्हणं. मग तेबी थांबलं.

काहीच नाय…

काहीच नाय…

अन् पोरगी रडली!

केरबा काडी ओढून आत घुसला. बानाबाई डोळे उघडे ठेवून बघत होती, जित्ती. पोर कुशीत, नाळ कापलेली. वच्छलाबाई भिंतीला चिकटून बसलेली. आणखी कुणी नाय. घराला दार एकच, अन् त्यात तर केरबाच बसला होता.

दिवस उगवला. बौद्धवाड्यातला बन्सी पोलिसांबरोबर उरलंसुरलं सामान न्यायला आला. केरबानं त्याचे पाय धरले.

"कडूमाय रातीच आली, बन्सी. बाळंतपण केलं तिनं."

बन्सीनं पाय सोडवून घेतले. "कशी येईल? वाडा जळाला त्याच राती शहरात नेताना वाटेत गेली ती. मीच माती दिली."

वच्छलाबाईनं आतून हाक मारली, "केरबा, पोरीची वार कुठं पुरली रं?"

बाळामागनं पडती ती वार, पुरायचं काम दाईचं. घरात नव्हती. परड्यात नव्हती. केरबा खण-नारळ घेऊन डोंगर चढला.

तांदळ्यापुढं माती नुकती उकरून बुजवलेली. वर दाबून उमटलेला बाईमाणसाचा पंजा.

त्या आठवड्यात तीनदा पाऊस कोसळला. पंजा तसाच.