जोडीचा दिवा

डिजिटल पियानो बंद पडला म्हणून फोन करणाऱ्या दहा जणांपैकी सहा जणांचा पियानो मुळात बंद पडलेलाच नसतो. हेडफोनची वायर त्यांनी काढलेली असते, पण तिच्या टोकावरचा जाड जोड भोकातच राहून गेलेला असतो. पियानोला वाटतं, मालक अजून कानाला लावून बसलाय, म्हणून तो बाहेर आवाज सोडत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. उरलेल्या चारांपैकी दोघांनी भलतंच बटण दाबलेलं असतं, एकाला नाचता येत नसतं म्हणून अंगण वाकडं झालेलं असतं, आणि एखादाच बिघाड खरा निघतो. थंडर बे शहरातल्या आमच्या पियानोच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तेवीस वर्षं मी हे फोन घेतेय. माझं नाव व्हर्ना. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक तेच विचारतात.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आइला हिएताला यांचा फोन आला. त्या लापे गावात राहतात, डॉसन रोडने शहराबाहेर अर्ध्या तासावर. तिकडच्या फिनिश घरांतली दोन पिढ्यांची मुलं त्यांच्याकडे पियानो शिकली. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीसुद्धा. सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना पियानो विकला होता.

तक्रार अशी होती की पियानोची डावी बाजू उजवीसारखी वाजते. मला हसू आलं. या पियानोत शिकवणाऱ्यांसाठी एक सोय असते. कंपनीच्या पुस्तकात तिला भारदस्त नाव आहे, आम्ही दुकानात तिला जोडी म्हणतो. जोडी लावली की पट्ट्यांचे दोन सारखे भाग होतात. डावीकडे बाई बसतात, उजवीकडे मूल, आणि दोघांना तेच सूर मिळतात. डोळे मिटून ऐकलं तर कोण वाजवतंय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जोडी लागली की एक छोटा हिरवा दिवा पेटतो. बटण तीन सेकंद दाबून धरलं की तो विझतो. मी तसं सांगितलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ते मला येतं गं. मी रोज बंद करते. रोज चार वाजून दहा मिनिटांनी तो परत लागतो."

मी म्हटलं, मुलांपैकी कुणाचा तरी खोडसाळपणा असेल. त्यावर त्या म्हणाल्या की ऑक्टोबरपासून त्यांच्याकडे एकही मूल येत नाही.

हा पियानो बंद करून पुन्हा चालू केला की जोडी विसरतो. त्याच्या आठवणीत ती राहतच नाही. म्हणजे कुणीतरी ती लावायलाच हवी. मी मुख्य स्विच बंद ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, बाईंनी स्विच बंद ठेवला होता आणि चार दहाला तो आपोआप चालू झाला. मग मी सगळं मूळ पदावर आणायचा उपाय सांगितला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. शेवटी गुरुवारी दुपारी मी हत्यारांची पेटी आणि लॅपटॉप गाडीत टाकला आणि निघाले.

रस्त्यावर बर्फ नुकतंच बाजूला सारलं होतं. बाईंच्या दारात मी बूट काढले. घरात लाकडाच्या शेगडीची ऊब होती, वेलचीच्या पावाचा वास होता. बाईंनी कॉफी ओतली ती बशीत सांडली. अडुसष्ट वर्षांच्या, ताठ कण्याच्या या बाईला मी कधी काही सांडताना पाहिलं नव्हतं.

पियानो मी नीट तपासला. मागचं झाकण उघडलं, पट्ट्यांखालची रबरी बटणं पाहिली, दमटपणा मोजला, वीज मोजली. फोनवरून बिनतारी जोडणी होते ती बंद केली, कारण कधीकधी शेजाऱ्याचा फोन जोडला जातो. इथे सगळ्यात जवळचा शेजारी शेतापलीकडे होता, तरी केली. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. मग मी लॅपटॉप जोडला. कुठलीही पट्टी दाबली की तिचा क्रमांक आणि ती किती जोरात दाबली ते पडद्यावर उमटतं. कान फसतात, हा पडदा फसत नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी बाकाच्या मागे उभं राहून मला खरी गोष्ट सांगितली.

बाईंचा एक नियम होता. पियानोवर डावीकडे सरोवराकाठचे पाच गुळगुळीत खडे ठेवायचे. मुलाने धडा एकदा बिनचूक वाजवला की एक खडा उजवीकडे जातो. चूक झाली की सगळे खडे परत डावीकडे. पाचही उजवीकडे गेले की सुट्टी. लापेमधली सगळी मुलं या खड्यांना कंटाळून मोठी झाली. ऑक्टोबरमध्ये मिन्ना लाम्पिनेन नावाची दहा वर्षांची मुलगी चार खड्यांवर चार वेळा अडली. तिसऱ्या मात्रेवर तिचं करंगळीशेजारचं बोट घसरायचं. बाहेर आई गाडीत ताटकळत होती. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, जा, पुढच्या वेळी बघू. मुलगी रडत बाहेर पडली, न बघता रस्ता ओलांडून आईकडे धावली, आणि एका गाडीने तिला उडवलं. त्याला पाच आठवडे झाले. मिन्ना शहरातल्या हॉस्पिटलात होती. श्वास चालू होता, पण शुद्ध आली नव्हती.

"रोज चार दहाला तिचा धडा वाजतो," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या मात्रेवर अडतो. मी खडे सरकवते. काल चार खड्यांपर्यंत गेला होता."

मी म्हटलं, बाई, मनावर ओझं असलं की माणूस काहीही ऐकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ यावी, तसं यंत्रात काहीतरी होत असेल.

"म्हणून तर तुला बोलावलं. बिघाड असेल तर तसं सांग, व्हर्ना. मग मला काही ठरवावं लागणार नाही." त्यांनी खड्यांवर हात ठेवला. "पाच झाले की मी मुलांना सोडते. हिला सोडलं तर ही कुठे जाईल? आईकडे येईल, की कायमची जाईल? आणि नाही सोडलं तर अशीच राहील का?"

मी बाजूच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. बाक रिकामा होता.

चार वाजून दहा मिनिटांनी हिरवा दिवा लागला.

मी बटणाकडे पाहत होते. त्याला कुणीही हात लावला नव्हता. मग पियानो वाजू लागला. एक साधा, लहान मुलांचा वॉल्ट्झ, नाचाची धून. पट्ट्या हलत नव्हत्या, पण पडद्यावर क्रमांक उमटत होते, सगळे उजव्या भागातले. ठोका हलका होता, लहान मुलांचा असतो तसा. तिसऱ्या मात्रेवर तो जरा अडखळला आणि पुढे गेला. मला भीती वाटली, ते कबूल करायला मी लाजत नाही.

बाईंनी एक खडा उजवीकडे ठेवला.

दुसऱ्यांदा तोच धडा. तिसऱ्या मात्रेला तोच किंचित उशीर, पण चूक नाही. दुसरा खडा. मी मधेच वायर हलवून पाहिली, मागून वीज पुन्हा मोजली. सगळं ठीक होतं. तिसरा खडा. बाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. खिडकीबाहेर उजेड कमी होत होता, आणि स्प्रूसची झाडं काळी दिसायला लागली होती.

चौथ्यांदा ती मात्रा इतकी लांबली की आम्ही दोघींनी श्वास रोखला. मग ठोका पडला. बरोबर पडला.

चौथा खडा.

"व्हर्ना," बाई म्हणाल्या, "बिघाड आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मी तिला सोडते."

पाचवा धडा सुरू झाला.

मी पडद्यावर पाहिलं आणि मला आधी वाटलं, माझीच नजर चुकतेय. क्रमांक मिन्नाच्या बाजूचे नव्हते, डाव्या भागातले होते.

आवाज तोच होता. सूर तेच होते. बाईंना काहीही वेगळं ऐकू येत नव्हतं, येणं शक्यच नव्हतं. पण ठोका लहान मुलाचा नव्हता. एकसारखा, सफाईदार, कुठेही न अडणारा. तिसरी मात्रा पाण्यासारखी निघून गेली. उजव्या भागातला एकही क्रमांक उमटत नव्हता.

मी तोंड उघडलं. बाईंचा चेहरा पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

मी बोलले नाही.

शेवटचा सूर वाजला. बाईंनी पाचवा खडा उजवीकडे ठेवला आणि रिकाम्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "शाब्बास, बाळ. झालं. आता घरी जा."

शेगडीत एक लाकूड सरकलं. काही मिनिटांनी स्वयंपाकघरातला फोन वाजला.

मिन्नाची आई, सातू, फोनवर होती. तिचं रडणं मला खोलीच्या पलीकडून ऐकू आलं. मिन्नाने डोळे उघडले होते. पाणी मागितलं होतं. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या, मग उठल्या, एकाच हातात हातमोजा घालून कोट शोधू लागल्या. मी त्यांना बूट घालून दिले. रस्ता घसरडा आहे, हळू जा, म्हटलं. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, मागचं सगळं तू आवर, किल्ली पायपुसण्याखाली ठेव. त्यांची गाडी निघाली.

मी आत आले. लॅपटॉप अजून जोडलेला होता.

हिरवा दिवा विझला नव्हता.

धडा परत सुरू झाला. हळू. उजव्या भागातून, मिन्नाच्या बाजूने.

तिसऱ्या मात्रेवर बोट घसरलं. आवाज थांबला. मग पहिल्यापासून. पुन्हा घसरलं. आता ठोके घाईघाईचे होते, रडवेल्या मुलाचे असतात तसे.

बाईंना परत बोलवायला हवं होतं. हॉस्पिटलात फोन करायला हवा होता. पण काय सांगणार होते मी? तिथे एक आई आपल्या मुलीचा हात धरून बसली होती.

मी वाकले आणि भिंतीतून प्लग काढला.

वीज गेल्यावरही दोन सूर वाजले. मग काही नाही. मी वायर गुंडाळली आणि पियानोवर चादर घातली. बाईंना संध्याकाळी फोनवर सांगितलं की आतली मुख्य सर्किटची पाटी जळालेली होती, आता तो पियानो पुन्हा लावू नका, मीच तो उचलून नेते. त्या म्हणाल्या, ने बाई, मला आता बघवतही नाही. शनिवारी मी तो दुकानाच्या तळघरात नेऊन ठेवला. पावतीवर कारणाच्या रकान्यात 'दुरुस्तीपलीकडे' असं लिहिलं. तेवीस वर्षांत मी लिहिलेलं हे पहिलं खोटं.

जानेवारीत सातूचा फोन आला. आभार मानायला. मी त्या दिवशी बाईंकडे होते हे त्यांनी तिला सांगितलं होतं. मिन्ना आता घरी होती. डॉक्टर खूष होते. खाते, चालते, वाचते, जेवल्यावर स्वतःची ताटली धुऊन ठेवते. पूर्वी हिला दहा वेळा सांगावं लागायचं, सातू म्हणाली आणि हसली. ते हसणं लगेच थांबलं.

मी विचारलं, बाकी सगळं ठीक ना?

"ठीकच आहे. डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार लागल्यावर असं होतं, वेळ जाऊ द्या." तिने आवाज खाली केला. "रोज चार वाजले की ही कोट घालते, बूट घालते, दाराजवळच्या बाकावर जाऊन बसते. ताठ. हात मांडीवर. आत बोलावलं की येते, हट्ट करत नाही. फार गुणी झालीये. मीच वेडी, की मला तिच्याजवळ झोपायची भीती वाटते."

मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. सातूच्या मागून एका मुलीचा आवाज आला, शांत आणि अदबीचा.

"काकू, तुमचं बोलणं झालं की सांगाल का, मला न्यायला आज तरी कुणी येणार आहे का?"